ओ देणारा दिवा

मला वाचवलं ते काकांनी. हे आधी लिहून टाकते. गोष्ट सांगायला बसले की मी घाबरून मधल्याच भानगडीत अडकते, आणि ज्याच्यासाठी सांगायला घेतलं तो माणूसच राहून जातो. म्हणून आधी काका, बाकीचं मागून.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण तुम्ही इकडे आयर्लंडात ॲथलोनच्या बाजूला राहिला असाल तर कदाचित ओळखाल. उंच, जरासे वाकलेले, खिशात कायम एक बारका स्क्रूड्रायव्हर. आणि उभं राहायची ती तऱ्हा: उजव्या हाताचं बोट वर, मान तिरकी, डोळे मिटलेले. दोन घरं पलीकडे कुणाचा कुकर शिट्टी देतोय ते ऐकत असल्यासारखे. मग डोळे न उघडताच विचारायचे, "ओ आली का?"

मी ज्या नर्सिंग होममध्ये काम करते ते नदीपलीकडे, गावाच्या बाहेर. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणं आठवतात. इथं म्हातारी माणसं शेवटची वर्षं काढतात ते हे ठिकाण. उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. मिरजेला हॉस्पिटलात मी हेच करायची, फक्त तिथं मला मावशी म्हणायचे आणि इथं केअरर म्हणतात. शाळा नववीत सुटली. आईनं अंथरूण धरलं होतं, घरात मोठी मीच. पुढे एजंटामार्फत इथं आले. मुलगी मिरजेला, माझ्या बहिणीकडे. माझं परमिट या एका नोकरीला बांधलेलं आहे, हे मी रोज सकाळी बूट घालताना स्वतःला सांगते. कुणी सांगायला लावलेलं नाही, सवय आहे.

मी नवीनच होते. चादरी आणायला हॉट प्रेसपाशी गेले. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारी जे चादरी ठेवायचं ऊबदार कपाट असतं ते हॉट प्रेस. दार अर्धं उघडं होतं आणि आतून आवाज आला, "अरे बोल की लेका. बोल. किती वेळ तोंडाकडे बघतोय तुझ्या."

मराठी. मला वाटलं भास झाला. इथं पहिले काही महिने असे भास व्हायचे मला, भांडी पडली तरी आईची हाक ऐकू यायची. आत बघते तर हा उंच माणूस चादरींच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून उकिडवा बसलेला, आणि वरच्या फळीवर साबणाच्या वडीएवढा एक डबा लुकलुकतोय.

मी म्हटलं, "कुणाशी बोलताय?"

त्यांनी मान वर केली. आश्चर्य वगैरे काही नाही. "याच्याशी. तुम्ही कुठल्या?"

"मिरजेची."

"बरं झालं. मिरजकर, त्या कोपऱ्यातल्या खोलीत जा आणि पलंगाशेजारचं बटण दाबा. दाबलं की हाक म्हणून ओरडा."

"मोठ्यानं?"

"मग काय, पोस्टानं पाठवणार?"

मी गेले, बटण दाबलं आणि बिचकत ओरडले. कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून उत्तर आलं, "ओ". बटणावरचा हिरवा दिवा लागला. आयर्लंडमध्ये मला कुणी दिलेली ती पहिली ओ.

पुढे स्वयंपाकघरातल्या बाईकडून कळलं की ते कुणी नोकरीवरचे नव्हते. गावातल्या एका टेलिफोन कंपनीत मोठे इंजिनिअर. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, याच होममध्ये शेवटचे महिने काढले होते. तेव्हा इथं जुनी बेल होती. दाबली की दूर ऑफिसात वाजायची, पण दाबणाऱ्याला काहीच कळायचं नाही. वाजली की नाही, कुणी ऐकली की नाही. काकू दाबत राहायच्या. अंगठा लाल व्हायचा. एकदा त्या काकांना म्हणाल्या होत्या, "अहो, कुणी येवो न येवो. ऐकलं एवढं तरी कळायला हवं ना."

म्हणून काकांनी तो दिवा केला. प्रत्येक पलंगाशी एक बटण. बटण दाबलं की वायफायवरून हाक हॉट प्रेसमधल्या डब्याकडे जायची. डब्यात काकांनी लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम दिवसभर कान लावून बसलेला. तो हाक घ्यायचा, बटणाला ओ द्यायचा म्हणजे हिरवा दिवा लावायचा, आणि मग ती हाक आमच्या खिशातल्या फोनवर पाठवायचा. फोन थरथरला की आम्ही धावायचो. खोलीत पोचून बटण परत दाबलं की दिवा विझायचा.

जुन्या बाजूच्या खोल्यांपुरतं, तात्पुरतं म्हणून लावलेलं हे. मालक मोठ्या कंपनीची बेल बसवणार होता. काकू गेल्या, बेल यायची राहिली, आणि काका शनिवारी येऊन डबा बघत राहिले. आले की आधी काकूंच्या खोलीच्या दाराशी जरा उभे राहायचे. आत दुसरंच कुणी असायचं. त्या माणसाला हात करायचे आणि पुढे जायचे.

त्यांची काम करायची रीत मला आवडायची, कारण ती मला समजायची. यंत्र बिघडलं की लोक ते बंद करून चालू करतात. काका तसं करू देत नसत. म्हणायचे, "मिरजकर, बंद करून चालू केलंत की गुन्हेगार पळून जातो." ते प्रत्येक उंबऱ्यावर थांबायचे. बटणातून हाक निघाली का. डब्यापर्यंत पोचली का. डब्यानं ओ दिली का. फोनपर्यंत गेलं का. मला एका टोकाला उभं करायचे, आपण दुसऱ्या टोकाला, आणि मधून परिचारिका वैतागून जायच्या.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "काका, यात सगळ्यात वाईट बिघाड कुठला?"

"नाही म्हणणारं यंत्र चांगलं," ते म्हणाले. "दार ठोठावलं, आतून कुणी म्हणालं, इथं तुमचं कुणी राहत नाही, जा. राग येतो, पण घरात माणूस आहे हे तरी कळलं. गप्प बसणारं वाईट. ठोठावत राहा, वाट बघत राहा. आत कुणी मेलंय, की झोपलंय, की आपण भिंतच ठोठावतोय, काही कळत नाही."

मग थोडा वेळ बिस्किट बुडवत राहिले आणि म्हणाले, "त्याहून वाईट एक असतं. पण ते अजून मला भेटलं नाही."

कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त शिक्षक राहायचे. लहान मुलांना त्यांनी आयुष्यभर आयरिश भाषा शिकवलेली. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायची, आणि एकदा तोंडातून निसटलं. अर्थ सांगितला तर खूष झाले. म्हणाले, आमच्याकडे मास्टर म्हणजे हेडमास्तर, इतक्या वर्षांनी बढती मिळाली. शब्दांचं भारी वेड. आम्ही दोघं कॉरिडॉरच्या दोन टोकांना ओरडतोय हे ऐकून त्यांनी काकांना पकडलंच. हे काय चाललंय तुमचं, हाक काय, ओ काय?

काका त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि इंग्रजीतून समजावलं. आमच्याकडे आई हाक मारते. मूल जिथं असेल तिथून ओ म्हणतं. म्हणजे ऐकलं.

मास्तरांनी विचारलं, "आणि मग ते येतं?"

"नाही," काका म्हणाले. "ओ म्हणतं आणि खेळत राहतं."

मास्तर इतके हसले की मला पाणी द्यावं लागलं. त्या दिवसापासून त्यांचा दिवा लागला की ते म्हणायचे, ही आली माझी ओ. फक्त माझ्यापाशी आणि काकांपाशी म्हणायचे. बाकीच्यांना सांगून काय कळणार, असं त्यांचं मत. मेट्रनला, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिकेला, याचा पत्ता नव्हता. त्यांच्या मुलीलाही नव्हता. ती दूर डून लेरीला समुद्रकाठी राहायची, रविवारी यायची.

आता मधली भानगड.

हिवाळ्यातली दुपार होती, चहाची वेळ. इथं हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. बरोबरची केअरर आजारी म्हणून आली नव्हती, जुन्या बाजूला मी एकटी. ओल्या चादरी घेऊन मागच्या लॉन्ड्रीत गेले, मशीनमध्ये टाकल्या, परत आले. फोन खिशात. मी फोन पुन्हा पुन्हा काढून बघणारी बाई आहे, सगळे हसतात मला त्यावरून. तेव्हाही बघितला. बॅटरी होती, वायफायच्या रेघा होत्या, कुणाची हाक नव्हती. एका आजीला चहा भरवायला बसले. त्यांना सावकाश भरवावं लागतं, ठसका लागतो.

मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. मोठा नव्हता.

मास्तर बाथरूमच्या दाराशी पडले होते. एक पाय नको तसा वळलेला. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, कोडं पडल्यासारखं होतं काहीतरी. मी ओरडले, बाकीचे धावत आले, खोलीत पोचल्यावर दाबतात तसं कुणीतरी सवयीनं बटण दाबलं, कुणी ॲम्ब्युलन्सला फोन केला. खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. मास्तर परत आले नाहीत.

ते गेल्यावर मेट्रननं मला बोलावलं. बाई वाईट नव्हती. दार लावलं, खुर्ची दिली.

"त्यांच्या मुलीनं सांगितलंय," ती म्हणाली, "ते शेवटपर्यंत म्हणत होते, मी हाक मारली आणि मला उत्तर मिळालं. त्या बाजूला तू होतीस. तू उत्तर दिलंस का?"

"नाही."

"म्हणजे तू ऐकलं नाहीस?"

"फोन वाजला नाही."

"फोन आम्ही बघितला. फोन चांगला आहे. ते तर म्हणाले उत्तर मिळालं. मग ते खोटं बोलले का?"

मास्तर खोटं बोलले असं मी कसं म्हणणार.  भीती वाटली की सगळ्यात आधी माझं इंग्रजी पळून जातं. चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलं. हाक ऐकून, उत्तर देऊन, न गेलेली बाई. असा शेरा पडला की दुसरं कुठलं होम दारात उभं करत नाही, आणि मग परमिट कशाच्या जोरावर. मुलगी त्या वर्षी नववीत होती. माझी शाळा जिथं सुटली तिथं. रोज रात्रीचा तिचा फोन मी उचलायची आणि काम कसं चाललंय विचारलं की ग्रँड म्हणायची. इथं बरं, ठीक, चालेल, सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, त्याचा एवढा उपयोग झाला.

खरं भय त्याहून वेगळं होतं. तुम्हाला म्हणून सांगते. मला वाटायला लागलं होतं की मी खरंच ओ दिली असेल. चहा भरवताना, कामाच्या तंद्रीत, तोंडातून निघाली असेल, आणि मी विसरले असेन. आईच्या आजारपणात मी अशी कितीदा ओ देऊन चुलीशीच बसून राहिलेली.

काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शब्द काय होता?"

"कसला?"

"मास्तरांचा. मेट्रन म्हणाली उत्तर. तो मेट्रनचा शब्द. त्यांचा शब्द काय होता?"

"मला काय माहीत, काका."

"मग ज्यानं ऐकला त्याला विचारायला हवं. मधल्या माणसाचं ऐकून निदान करायचं नसतं."

म्हणून आम्ही मास्तरांच्या अंत्यदर्शनाला गेलो. जायची माझी छाती होत नव्हती. काका गाडी घेऊन दारात आले आणि म्हणाले, "तुम्ही त्यांना रोज अंघोळ घालत होतात. तुम्ही नाही तर कोण जाणार?" इथं पेटी उघडी ठेवतात, घरचे लोक शेजारी ओळीनं उभे असतात, आणि सगळं गाव रांगेनं येऊन हात मिळवून जातं. रांग हळूहळू सरकते. लोक हवापाण्याचं बोलतात. मी दोनदा रांगेतून बाहेर पडायला निघाले. दोन्ही वेळा काका नुसते बाजूला सरकून वाट अडवून उभे राहिले. एकदा म्हणाले, "मिरजकर, पुढे बघा."

मास्तरांना सूट घातला होता. केसांचा भांग चुकीच्या बाजूला पाडला होता. मला तो नीट करावासा वाटला.

मुलीनं माझा हात हातात घेतला, तोंडाकडे बघितलं आणि हात सोडला. मी पाठ करून गेलेलं वाक्य विसरले. एवढंच म्हणाले, "ते काय म्हणाले होते? त्यांचा शब्द?"

तिनं पेटीकडे बघितलं. मग म्हणाली, "तेच तेच म्हणायचे. मी हाक मारली, माझी ओ आली, मी थांबलो. माझी ओ आली. आम्हाला वाटलं औषधांमुळे बोलताहेत. मग माझा भाऊ म्हणाला, कुणीतरी उत्तर देऊन सांगितलं असेल, येते म्हणून."

मागचे लोक पुढे सरकत होते. मी बाहेर आले. काका माझ्या मागोमाग हात मिळवून आले आणि गाडीपाशी थांबले. पाऊस नव्हता, नुसता गारठा.

"ओ," मी म्हटलं. "ते म्हणाले, माझी ओ आली."

काकांचं बोट वर गेलं. सवयीनंच. मान तिरकी, डोळे मिटले. मग ते बोट सावकाश खाली आलं आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर जाऊन थांबलं.

"म्हणजे दिवा लागला," ते म्हणाले.

मला अजून उलगडलं नव्हतं. मी नुसती सुटल्यासारखी झाले होते, की मी ओ दिलेली नव्हती, दिव्यानं दिली होती. मी म्हणालेही, "काका, म्हणजे मी नाही."

"नाही. तुम्ही नाही."

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाले, "हाक डब्यापर्यंत पोचली. डब्यानं ओ दिली. पुढे फोनपर्यंत गेली नाही. तुम्ही फोन घेऊन कुठे गेला होता, त्या आधी?"

"लॉन्ड्रीत."

त्यांनी मान डोलावली. "ते तिसरं मी म्हणालो होतो ना. गप्प बसणाऱ्याहून वाईट. ते हे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेट्रनला सांगून जुन्या बाजूला यायची परवानगी काढली. मेट्रन स्वतः फोन खिशात घालून लॉन्ड्रीत गेली. तिथं सगळी पोलादी मशीनं, वायफाय मरतं. ती परत आली. फोनवर रेघा आल्या, सगळं ठीक दिसत होतं. मास्तरांची खोली रिकामी होती, गादी उघडी. काका हॉट प्रेसपाशी. मला म्हणाले, "दाबा."

मी दाबलं. हाक म्हणून ओरडायचं होतं ते ओरडवेना.

दिवा लागला. हिरवा, स्वच्छ. मेट्रन हातात फोन धरून माझ्याशेजारी उभी होती. आम्ही दोघी फोनकडे बघत होतो. फोन काही बोलला नाही. दिवा तसाच. मी तेव्हा तो दिवा पहिल्यांदा मास्तरांच्या बाजूनं बघितला. उशीवरून. कुणीतरी ऐकलंय, कुणीतरी येतंय, थांबा, असं सांगणारा. भला माणूस थांबला असणार. पुन्हा दाबायची गरज काय, ओ तर आलेली. आणि थांबवेना तेव्हा उठला असणार.

काका आले. त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला, पण बोलले ते साध्या शब्दांत. फोन लॉन्ड्रीत गेला की त्याची जोडणी तुटते. परत आला की नव्या राऊटरकडून त्याला नवा पत्ता मिळतो. जुनी जोडणी मेली हे डब्याला कुणी सांगत नाही. डबा जुन्याच दाराशी उभा राहून निरोप देत राहतो. आत कुणी नाही. तिकडून नाही असंही कुणी म्हणत नाही.

मेट्रनला तेवढं पुरलं. "म्हणजे नव्या राऊटरमुळे," ती म्हणाली. "तो मालकाच्या माणसानं बदलला. मागच्याच महिन्यात."

काकांनी हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथं मिटली असती. मी सुटले असते, तेही सुटले असते. मी त्यांच्याकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, म्हणा की हो.

"राऊटर बदलतातच," काका म्हणाले. "दिवा माझा आहे. फोननं हाक घेतली अशी पावती आली की मग ओ द्यायची, असं लिहायला हवं होतं. मी आधी ओ देतो आणि मग पुढे पाठवतो. मीच तसं लिहिलंय."

"का?" मेट्रननं विचारलं.

ते खोलीबाहेर बघत होते, समोरच्या, काकू असायच्या त्या खोलीच्या दाराकडे. "तिला लगेच कळावं म्हणून. फोनची पावती यायला वेळ लागायचा. तेवढा वेळही तिला वाट बघायला लावायची नव्हती."

मेट्रननं हातातला फोन खिशात ठेवला. 

मास्तरांच्या मुलीला त्यांनी स्वतः सांगितलं. मला बरोबर नेलं, कारण म्हणाले, तुमचं नाव साफ झालेलं तुम्ही कानांनी ऐकायला हवं. ती मेट्रनच्या ऑफिसात कोट न काढता बसली होती. काकांनी सगळं सांगितलं, बटणापासून फोनपर्यंत. ओ म्हणजे काय हेही. आई, मूल, हाक.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे एका दिव्यानं माझ्या वडिलांना थांबायला सांगितलं."

"हो."

"आणि तो दिवा तुम्ही केला."

"हो. मी केला."

ती उठली. दारापाशी माझ्याकडे वळून म्हणाली, "मी तुझ्याबद्दल बोलले ते चुकलं." काकांकडे तिनं बघितलं नाही. काही माणसांना माफी मागता येते पण देता येत नाही, आणि त्यात त्यांचं काही चूक नसतं. काका उभेच होते, हात बाजूला सोडून, शाळेत उभं केल्यासारखे.

मला कामावर घेतलं. परमिट पुढे वाढलं. सरकारी तपासणीची माणसं येऊन गेली, मालकानं अखेर मोठ्या कंपनीची बेल बसवली. ती भसाड्या आवाजात वाजते आणि कुणी जाईपर्यंत थांबत नाही. हॉट प्रेसमधला डबा काकांनी स्वतः काढून नेला. फळी पुसली, चादरींचा गठ्ठा परत नीट लावला. बटणं उपटताना कोपऱ्यातल्या खोलीत ते मला म्हणाले, "मिरजकर, मी शेवटचं एकदा दाबू?" आणि उत्तराची वाट न बघता दाबलं. डबा बंद होता. दिवा लागला नाही. "आता खरं बोलतोय," ते म्हणाले.

त्यानंतर ते शनिवारी आले नाहीत. तपासणीत त्यांचं नाव आलं, ते त्यांच्या कंपनीपर्यंत गेलं, असं ऐकलं. त्यांना काढलं की त्यांनीच नोकरी सोडली, कुणी असं म्हणतं, कुणी तसं. गणपतीला मराठी मंडळी जमली तेव्हा विचारलं. एकजण म्हणाले, डंडॉकला गेले बहुतेक. दुसरे म्हणाले, छे, नाशिकला परतले, तिकडे भाऊ आहे. मग आरती सुरू झाली.

माझी मुलगी दहावी झाली. हे मला त्यांना सांगायचं होतं. त्यांनी ते ऐकून काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. "बरं झालं" म्हटलं असतं, बस्स, आणि दुसरंच काहीतरी विचारलं असतं.

मी दर रविवारी त्यांचा नंबर लावते. तो वाजतो. बंद आहे असं सांगत नाही, हा नंबर अस्तित्वात नाही असंही म्हणत नाही. वाजत राहतो आणि मग आपोआप तुटतो. काकांनी शिकवल्याप्रमाणे मी उंबऱ्या-उंबऱ्यावर थांबून विचार करते. हाक निघाली. पलीकडे पोचली. तिथं फोन आहे, चार्ज केलेला आहे, म्हणजे कुणीतरी तो रोज चार्ज करतं. एवढं मला कळतं. ओ येत नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या ओ न देण्याचा मला राग येत नाही. ओ देऊन न येण्यापेक्षा ते बरं, असं त्यांनी ठरवलं असेल.

पण काका, हे तुमच्यापर्यंत पोचलंच तर एवढं ऐकून ठेवा. तुम्ही माझ्यासाठी केलंत त्याची फेड मला कामातूनच करता येईल, दुसरं मला काही येत नाही. तुम्हीही एक दिवस कुठल्यातरी पलंगावर असाल, कुठल्याही गावात, कुठल्याही देशात. तेव्हा हाक मारा. मी ओ देणार नाही. मी येईन.